समजा, वारा पडला

पेठकर साहेब घरातून बाहेर पडण्याआधी उदबत्ती लावायचे. यात वावगं काय, असं तुम्ही म्हणाल. पण ती ते देवापुढे लावत नसत. पेटलेली उदबत्ती दोन बोटांत धरून ते क्वार्टरच्या पायरीवर येत, हात लांब करत आणि धूर कुठे जातो ते बघत उभे राहत. दूधवाला, शाळेची पोरं, पहिल्या पाळीचे कामगार असे सगळे शेजारून जायचे, पण साहेबांचं लक्ष धुरावर. मग ते पुटपुटायचे, "आज ईशान्येचा. मंद." आणि उदबत्ती तशीच हातात घेऊन कारखान्याचा रस्ता धरायचे.

कॉलनीतल्या बायकांना सुरुवातीला ते मोठे भाविक वाटले. माझ्या बायकोने त्यांना मुद्दाम सत्यनारायणाला बोलावलं. साहेब आले, मांडी घालून बसले आणि ऐन कथेत भटजींना म्हणाले, "तुमचा धूर सरळ वर चाललाय. खोलीत हवा खेळत नाही. एक खिडकी उघडा." त्या दिवसापासून त्यांच्या भक्तीबद्दल कुणाला शंका उरली नाही.

मी तेव्हा एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ओव्हरसियर होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. बेलापूर आणि राहाता यांच्यामधल्या कालव्याच्या पट्ट्यात कुठेतरी होता, एवढं पुरे. ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्या सांभाळायच्या हे माझं काम. त्यांची वस्ती कुठे टाकायची, कोणता फड आधी तोडायचा, गाड्या वेळेवर निघाल्या की नाही, असल्या भानगडी. पेठकर केमिस्ट होते, पण साखरेचे नव्हेत. उसाच्या चिपाडापासून कागद करायचा नवा विभाग कारखान्याने काढला होता, तिथले. कागद पांढरा करायला क्लोरीन वायू लागतो. तो लोखंडी सिलिंडरांत भरून ट्रकने यायचा आणि पेठकरांच्या ताब्यात राहायचा. साहेब मुंबईकडून आलेले, पन्नाशीला टेकलेले, एकटे. लग्न का केलं नाही, हे त्यांना कुणी विचारत नसे. कारण त्यांना काहीही विचारलं की उत्तर 'समजा'पासून सुरू व्हायचं आणि विचारणाऱ्याची पाळी संपायची.

मेसमध्ये ताटात बघून ते म्हणायचे, "समजा, ही वांग्याची भाजी आहे."

"साहेब, वांग्याचीच आहे."

"तुम्ही खात्रीने सांगता. मी फक्त समजतो."

याच 'समजा'मधून पुढचं सगळं उभं राहिलं. एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला. समजा, सिलिंडर फुटला, तर वायू कुठे जाईल? आम्ही म्हणालो, फुटल्यावर बघू. ते म्हणाले, "फुटल्यावर बघायला तुम्ही असाल असं का समजता?" पुण्यात एका संस्थेत नवा कॉम्प्युटर आला होता. साहेब कागदांचं बाड घेऊन एसटीने पुण्याला जायला लागले. तिथे त्यांच्या आकड्यांची म्हणे भोकं पाडलेली कार्डं होत आणि ती कार्डं यंत्राच्या पोटात जात. एक कार्ड मागेपुढे झालं की सगळं मुसळ केरात. साहेब परत यायचे, पुन्हा जायचे. रजा, पगार, सगळं त्या एसटीत गेलं.

अखेर तक्ता आला. धोतराच्या पानाएवढा लांब कागद, त्यावर नुसते आकडे आणि चांदण्या. मधोमध कागद विभाग, पूर्वेला चांदण्यांचा लांबट पट्टा, पश्चिमेला कोरा कागद. चांदण्या म्हणजे वायू. आम्ही कुणीच असलं काही पाहिलेलं नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी त्याला काच लावून आपल्या खुर्चीमागे टांगलं. कुणी आलं की म्हणायचे, "हे कॉम्प्युटरने काढलंय." दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा शिपायाने त्या काचेलाही हळदकुंकवाचं बोट लावलं. पुढे एका डायरेक्टरांनी ती हळद हाच वायू समजून विचारलं, "एवढासाच पसरतो?"

पेठकर त्या दिवसांत हवेत होते. चहाच्या टपरीपासून बोर्डाच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे सांगत सुटले होते की माणूस चुकतो, कॉम्प्युटर चुकत नाही. आणि हे इतक्या वेळा आणि इतक्या तळमळीने सांगितलं, की लोकांना ते पटलं. तिथेच घोडं अडलं.

झालं असं, की त्या वर्षी पूर्वेकडे पावसाने दगा दिला होता. पाथर्डीच्या बाजूने टोळ्या नेहमीपेक्षा जास्त आल्या. दरवर्षी वस्तीची जागा मुकादम आणि मी फिरून ठरवायचो. या खेपेला मॅनेजरसाहेबांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "पूर्वेला चांदण्या आहेत. वस्ती पश्चिमेला टाका." पश्चिमेला कागद विभागाच्या मागून एक ओढा निघतो. त्याच्या कडेने सखल जमीन होती आणि पलीकडे कालव्याचा उंच भराव. टोळ्यांना जागा आवडली. पाणी हाताशी, बैलांना आडोसा. दिवाळी झाली, उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिल्या, चुली पेटल्या. गळीत जोरात सुरू झालं आणि मीही निर्धास्त झालो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पेठकर उदबत्ती घेऊन माझ्या दारात आले. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, घरून तार आली असावी.

"भाऊसाहेब, चला माझ्याबरोबर."

कालव्याच्या भरावावर नेऊन त्यांनी मला उभं केलं. खाली वस्ती जागी होत होती. थंडी मी म्हणत होती. साहेबांनी हात लांब केला. उदबत्तीचा धूर वीतभर वर गेला आणि तिथेच घुटमळला.

"वारा पडलाय," मी म्हणालो.

"पडलाय. आता चुलींकडे बघा."

चुलींचा धूर वर चढतच नव्हता. कोप्यांच्या डोक्यावर निळसर पासोडी अंथरावी तसा पसरला होता, आणि बाहेरून येणारा कारखान्याकडचा धूर ओढ्याच्या अंगाने हळूहळू त्यातच येऊन मिसळत होता. पाणी उताराला यावं तसा.

"क्लोरीन हवेपेक्षा जड," पेठकर म्हणाले. "तो धुरासारखा उडत नाही, जमिनीवरून सरपटतो. उतार दिसला की उताराने जातो. मी कॉम्प्युटरला ओढा सांगितला नाही. त्याने विचारलाच नाही. त्याला सगळी जमीन पाटासारखी सपाट लागते."

"आणि वारा?"

"वारा पुण्याचा घातला होता. आपल्याकडे मोजणार कोण? त्यातही सगळं उत्तर वाऱ्याने भागायचं असतं. वारा शून्य झाला तर भागायचं कशाने? म्हणून मी म्हटलं, समजा, वारा थोडा तरी असेलच." ते खाली बघत राहिले. "जी वेळ सगळ्यात वाईट, तीच मी वगळली, भाऊसाहेब. आणि ही माणसं माझ्या तक्त्यावर विसंबून इथे झोपतात."

मला ते शास्त्र सगळं कळलं असं नाही. पण धूर कुठे चाललाय ते मला दिसत होतं. आम्ही तसेच मॅनेजरसाहेबांकडे गेलो. पेठकरांनी भिंतीवरचा तक्ता दाखवून तो कुठे कुठे लंगडा आहे ते समजावलं. मॅनेजरसाहेब माणूस वाईट नव्हता, पण हंगामात त्याला उसाच्या गाड्यांखेरीज दुसरं काही दिसत नसे.

"पेठकर, वस्ती हलवायची म्हणजे तोड बंद, गाळप बंद. आणि बोर्डाला काय सांगू? तुम्हीच म्हणाला होतात ना, कॉम्प्युटर चुकत नाही?"

"त्याची बेरीज चुकत नाही असं म्हणालो होतो. माझं समजणं चुकलं."

"मग आता तुमचं हे समजणं बरोबर कशावरून?" मॅनेजरसाहेब म्हणाले. "तो कॉम्प्युटर एवढ्या लांबून शास्त्रशुद्ध सांगतोय, आणि तुम्ही उदबत्ती घेऊन आलात."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ज्या माणसाने गावभर फिरून यंत्रावर विश्वास ठेवायला शिकवलं, त्याचाच शब्द यंत्रापुढे फिका पडला. आम्ही म्हातारदेव मुकादमाला गाठलं. तो म्हणाला, "सायेब, कोप्या नुकत्याच घातल्यात. आन् ही जागा तुमच्याच मशीननं दिलीया की. बाया तर म्हनत्यात, लई ब्येस जागा हाय." बाहेर येऊन पेठकरांनी रुमालाने कपाळ पुसलं, एवढ्या थंडीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी क्वार्टरला कुलूप लावलं आणि ते वस्तीवर राहायला गेले.

हे मी बैलगाडीवर लादलेली त्यांची लोखंडी खाट पाहिली तेव्हा मला कळलं. खाट, ट्रंक, मच्छरदाणी आणि ढीगभर गोणपाटं. ओढ्याच्या तोंडाशी, कारखान्याकडून वस्तीत शिरताना पहिली लागेल अशी कोपी त्यांनी घालून घेतली. खाट कोपीपेक्षा लांब निघाली, त्यामुळे साहेबांचे पाय बाहेर आणि मच्छरदाणी आत. म्हातारदेवाची आई ठकूबाई कमरेवर हात ठेवून तो संसार बघत होती.

"सायेब, कोल्ह्यानं पाय नेलं तर चालाल कशानं?"

"समजा, नेले..." साहेबांनी सुरुवात केली.

"समजून काय करायचं? खाट सोडा, खाली निजा." आणि ते खाली निजायला लागले.

मी त्यांना वेड्यात काढलं. म्हटलं, तुम्ही तिथे झोपल्याने वायू थांबणार आहे का? ते म्हणाले, "थांबणार नाही. पण माझं नाक चांगलं आहे. तो आला तर मला आधी कळेल." आणि मग हळूच, "दुसरं मला काही करता येत नाही हो." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी रोज पहाटे सायकलने गाड्या बघायला जायचो, तसा त्यांनाही बघून यायला लागलो. वारा असला की हायसं वाटायचं. वाऱ्यासाठी देव पाण्यात घालून बसण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

साहेबांनी वस्तीला शिकवायचं ठरवलं. त्यांनी थाळी वाजवली की सगळ्यांनी सगळं टाकून भरावावर चढायचं. पहिल्यांदा थाळी वाजवली तेव्हा लोक भांडी घेऊन आले, काहीतरी वाटताहेत असं वाटून. दुसऱ्यांदा नीट समजावून वाजवली. तेव्हा बाप्ये आणि बाया सगळे भरावाकडे पाठ करून ओढ्याकडे धावले. बैल तिथे बांधलेले होते, सगळ्यात खोल जागी. एकेक दावं सोडत, बैलांना चुचकारत मंडळी वर पोचेपर्यंत साहेबांचा आवाज बसला.

"माणसं आधी!" ते ओरडत होते. "बैल मागाहून!"

"बैल मेला तर माघारी जायाचं कशानं?" ठकूबाई म्हणाली. "गावाकडं काय हाय, सायेब? बैल हायेत म्हनून आमी हावोत."

त्या संध्याकाळी साहेब जेवले नाहीत. मला म्हणाले, "बघा, हेही मी कॉम्प्युटरला सांगितलं नव्हतं. वायू कुठे जातो ते विचारलं. माणूस कुठे जातो, हे विचारायचं मला सुचलंच नाही. माणूस वायूपासून लांब पळत नाही, भाऊसाहेब. जिथे जीव अडकलाय तिकडे पळतो."

मग त्यांनी माणसं हलवायचा नाद सोडला आणि बैलांच्या मागे लागले. रोज बैलांचे खूर बघायचे. ओलीत बांधून खूर कुजतात, असं त्यांनी ठकूबाईला दाखवलं. ते खरंही होतं. मग साहेब स्वतः डोक्यावर वाढ्याच्या पेंढ्या घेऊन भरावाच्या निम्म्या चढावर नेऊन टाकायला लागले. पँट-बुशशर्टातला केमिस्ट डोक्यावर चारा घेऊन चढ चढतोय, हे बघायला कॉलनीतून लोक येत. आठवडाभराने ठकूबाईच म्हणाली, बैल तिथंच बांधा, कोरडं हाय. सगळ्या दावणी चढावर गेल्या. तिच्या जेवणात साहेबांची भाकरी केव्हा धरली जायला लागली, ते मला कळलं नाही. रोज अंधार पडायच्या सुमारास ती हाक मारायची, "आरं, त्यो सायेब जेवला का रं?" आमच्या कॉलनीत हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

आणि पौषात ती सकाळ आली.

मी सायकल भरावावर टेकवली तेव्हा पूर्वेला नुकतं फटफटत होतं. पान हलत नव्हतं. चुलींचा धूर त्या दिवसासारखाच खाली पसरलेला. पेठकर आपल्या कोपीसमोर उभे होते, मान किंचित वर, एखादा बैल वास घेतो तसे. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. गप्प राहा म्हणून. मग ते वळले आणि थाळी बडवायला लागले.

मला आधी काही दिसलं नाही. मग ओढ्याच्या तोंडाशी धुकं दिसलं. धुकं असं म्हणायला जावं तर ते पिवळट होतं, आणि गुडघ्याएवढंच उंच. कसलीही घाई न करता ते ओढ्याच्या वळणाने येत होतं. कागद विभागात व्हॉल्व्ह तुटला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. तिथले लोक पूर्वेला पळायचं नाही म्हणून उत्तरेला पळून वाचले होते. तेवढं तक्त्याचं पुण्य. तक्त्यावरच्या कोऱ्या कागदात काय चाललंय, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

थाळी वाजली आणि लोक बैलांकडे धावले. नेहमीसारखेच. फक्त आता बैल वर होते. पोरं काखेत मारून बाया चढावर आल्या, दावी सुटली, बैल हुंदडत भरावावर आले आणि त्यांच्यामागे माणसं. साहेबांनी भिजवून ठेवलेली गोणपाटं कुणी तोंडाला लावली, कुणी बैलाच्या तोंडाला. मी वरून हात देत होतो आणि नाकाला तो वास लागला. ब्लीचिंग पावडरच्या डब्यात तोंड घालावं तसा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

पेठकर खालीच होते. एकेक कोपीत वाकून बघत, मागे मागे सरकत येत होते. पिवळं धुकं त्यांच्या मागून पहिल्या कोपीत शिरलं. मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. ते शेवटच्या कोपीत गेले आणि बाहेर येईनात. आत आई राहिली म्हणून म्हातारदेव खाली उतरायला निघाला, त्याला दोघांनी धरून ठेवलं. मग साहेब दिसले. ठकूबाईचा हात धरून तिला ओढत होते आणि ती त्यांना शिव्या घालत होती, कारण तव्यावरची भाकरी टाकून यावं लागलं होतं. तोंडावर ओलं गोणपाट एकच होतं आणि ते तिच्या तोंडावर होतं. आम्ही दोघांना वर ओढलं. खाली कोप्यांचे नुसते शेंडे दिसत होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या सकाळी माणूस एकही गेला नाही. उन्हं चढली, वारा सुटला आणि ते पिवळं जसं आलं तसं गेलं. चौकशी झाली, तेव्हा बोर्डातल्या एकाने तक्ता पुढे ठेवून विचारलं की वायू या बाजूला येऊच शकत नव्हता, तर वस्ती पळाली कशाला? पेठकरांनी त्याला बसवून पुन्हा पहिल्यापासून समजावलं. क्वार्टर सोडून परस्पर राहायला गेल्याबद्दल त्यांना मेमोही मिळाला. त्यांची छाती मात्र कायमची अधू झाली. चढ चढताना ते थांबायचे.

पण मला राहून राहून आठवते ती भरावावरची मोजणी. वर आल्यावर म्हातारदेवाने, अजून डोळे चोळतच, टोळी मोजायला घेतली. तोडीवर माणसं माणसांत मोजत नाहीत, कोयत्यात मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा आला असेल तर अर्धा. म्हातारदेव नाव घेत होता, तिकडून "हाय" असं उत्तर येत होतं. प्रत्येक नावानंतर जीव टांगणीला लागायचा आणि "हाय" आलं की सुटायचा.

"संपत."

"हाय."

"गोरख."

"हाय."

"सायेबाचा अर्दा."

म्हातारदेवाने मान वर केली आणि पुन्हा मोठ्याने म्हणाला, "सायेबाचा अर्दा कोयता?"

पेठकर कालव्याच्या कडेला बसून खोकत होते. आपल्याला कुणी पुकारतंय हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी मागे वळून बघितलं, दुसरा कुणी साहेब आहे की काय म्हणून.

ठकूबाईने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "आरं, बोल की. तुलाच पुकारत्यात."

साहेबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे वायूने लाल झाले होते, पण ते पाणी वायूचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. माझेही भरून आले. पन्नास वर्षांत ते कुणाच्या मोजणीत होते की नाही, मला माहीत नाही.

"हाय," ते म्हणाले. मग खोकला आवरून पुन्हा म्हणाले, "हाय."

म्हातारदेवाने पुढचं नाव घेतलं.